स्टोनी क्रीकच्या १०१ जणी



आजची हकीकत कॅनडातली आहे. ओंटारिओ प्रांतात, हॅमिल्टन शहराच्या शेजारी, स्टोनी क्रीक नावाचं गाव होतं. १८९७ साली तिथल्या शेतकरी कुटुंबांतल्या बायकांनी एक मंडळ काढलं. खेड्यापाड्यांतल्या बायकांची ‘विमेन्स इन्स्टिट्यूट’ पुढे देशोदेशी पसरली, तिची गंगोत्री ही.

याच्या मुळाशी एका आईचं दुःख आहे. हॅमिल्टनच्या अ‍ॅडलेड हूडलेस यांचा तान्हा मुलगा १८८९ मध्ये गेला. दूषित दुधानं घात केला, अशी त्यांची खात्री झाली. त्या काळी दूध उघड्या भांड्यांतून घरोघर येई, त्यावर माश्या बसत. ते राखायचं कसं, हे आयांना कोणी शिकवलेलंच नव्हतं. हूडलेस गावोगाव सांगू लागल्या, मुलींना शाळेत गृहशास्त्र शिकवा, स्वच्छता शिकवा, अन्न कसं टिकवायचं ते शिकवा.

शेतकऱ्यांची, म्हणजे पुरुषांची, मंडळं तिथे आधीपासून होती. गुराढोरांना काय घालावं, पीक कसं वाढवावं, यावर तिथे व्याख्यानं होत. गोठ्याची एवढी चिंता वाहता, मग लेकरांच्या पोटात काय जातं याचा विचार कुठे करायचा, असा हूडलेस यांचा सवाल होता. स्टोनी क्रीकच्या बाजूच्या शेतकरी मंडळाचे चिटणीस एर्लंड ली यांनी त्यांचं भाषण ऐकलं आणि त्यांना आपल्या गावी बोलावलं. १२ फेब्रुवारी १८९७ रोजी ती सभा झाली. बायकांनी स्वतःचं मंडळ काढावं, असं तिथे निघालं आणि पुढच्याच आठवड्यात पुन्हा जमायचं ठरलं.

मधला तो आठवडा मला फार मोलाचा वाटतो. भाषणाला टाळ्या पडतात आणि माणसं घरी जातात, हे आपण सगळे जाणतो. इथे एर्लंड आणि त्यांच्या पत्नी जॅनेट कॅनडाच्या ऐन हिवाळ्यात दारोदार फिरले, बायकांना भेटले, या म्हणाले. १९ फेब्रुवारीला स्क्वायर्स हॉलमध्ये १०१ बायका आल्या. पुरुष एकटे एर्लंड ली. मंडळाची घटना त्यांच्याच घरी, जेवणाच्या टेबलावर लिहिली गेली. ते घर आज संग्रहालय म्हणून जपलेलं आहे.

हूडलेस बायकांच्या मताधिकाराच्या पुरस्कर्त्या नव्हत्या. बाईचं क्षेत्र घर, हेच त्यांचं मत. पण मंडळ चालवायचं म्हणजे अध्यक्ष निवडायची, ठराव मांडायचा, अनुमोदन द्यायचं, इतिवृत्त लिहायचं, पैशाचा हिशेब सभेपुढे ठेवायचा. हे सगळं बायकांनी स्वतः केलं. चारचौघांत कधी न बोललेली बाई उभी राहून बोलू लागली. या मंडळांचं सगळ्यांत मोठं देणं मी हेच मानते. हूडलेस यांना मात्र पुढचं फारसं पाहता आलं नाही. १९१० मध्ये टोरांटोत भाषण करता करताच त्या कोसळल्या आणि गेल्या.

हे लोण ब्रिटनला नेलं कॅनडाच्या मॅज वॉट यांनी. पहिल्या महायुद्धात अन्नाची चणचण होती. १९१५ मध्ये वेल्समधल्या अँगलसी बेटावर ब्रिटनमधलं पहिलं मंडळ सुरू झालं. फळं टिकवा, भाजीपाला पिकवा, इथून त्यांची सुरुवात झाली, आणि १९४३ मध्ये त्याच मंडळांच्या संघटनेनं समान कामाला समान वेतन मिळावं असा ठराव केला. दरम्यान १९३३ मध्ये स्टॉकहोमला ग्रामीण स्त्रियांची जागतिक संघटना उभी राहिली. मॅज वॉट तिच्या पहिल्या अध्यक्ष.

ओंटारिओच्या बायकांनी आणखी एक काम केलं, आणि मला त्याचं विशेष अप्रूप आहे. त्यांनी आपापल्या गावाचे इतिहास लिहून काढले. ‘ट्वीड्समूर इतिहास’ या नावानं ते ओळखले जातात. जमीन पहिल्यांदा कोणी कसली, शाळा कधी निघाली, कोणाचं घर कुठे होतं, हे सारं छायाचित्रं आणि कात्रणं चिकटवून जाडजूड वह्यांत नोंदवलेलं आहे.

आपल्याकडेही १९५२ नंतर समाजविकास योजनेतून खेड्यांत महिला मंडळं उभी राहिली. ग्रामसेविका आल्या, शिवणाचे वर्ग आणि बालवाड्या निघाल्या. तुमच्या गावात त्या मंडळाच्या सभांची जुनी वही कोणाच्या पेटीत पडून असेल, तर तिला वाळवी लागण्याआधी ती बाहेर काढा. वही नसेल, तर त्या वेळच्या ज्या आजी अजून आहेत त्यांच्यापाशी बसा आणि पहिल्या सभेला कोण कोण आलं होतं ती नावं उतरवून घ्या.