शिलाहारांचा शेवट

अंबरनाथचं शिवमंदिर आपल्या रोजच्या पाहण्यातलं. वालधुनीच्या काठावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मध्ये ते पूर्ण झालं, शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळात. पण जवळपास दोनशे वर्षांनी हे घराणं नामशेष कसं झालं?

शेवटचा राजा सोमेश्वर. साधारण १२६५ च्या सुमारास देवगिरीचा महादेव यादव कोकणावर चालून आला. यादवांचं हत्तीदळ जबरदस्त होतं, आणि जमिनीवर कोकणच्या सेनेचा त्याच्यापुढे निभाव लागला नाही. सोमेश्वरानं मग जहाजांचा आसरा घेतला. किनाऱ्यावरच्या राजाला समुद्र हा भरवशाचा वाटणारच! पण घाटावरचे यादवही आरमार घेऊन पाठलागावर आले. जमीन आधीच गेली होती, आता पाणीही गेलं. सोमेश्वर समुद्रात बुडून मेला. महादेवाचा मंत्री हेमाद्री लिहितो, की महादेवाच्या क्रोधापेक्षा राजानं समुद्रातला अग्नी पत्करला. ही अर्थात जेत्याची भाषा. मला तर सोमेश्वर शरण गेला नाही, हेच मोठं वाटतं.

बोरिवलीजवळ एक्सर गावात काही वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळा, आहेत. त्यांवर हत्तींची झुंज आहे, वल्ही मारत निघालेली जहाजं आहेत. अनेक अभ्यासक ही शिल्पं याच युद्धाची मानतात. अंबरनाथचं मंदिर पाहिलंत, आता हे वीरगळही जाऊन पाहा, आणि मुलांना सोबत न्या.