दादीची गरम भाकर



माझी दादी 1948 साली आठ वर्षांची होती. बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. 13 सप्टेंबरला ‘पोलीस अ‍ॅक्शन’ सुरू झाली, 17ला निजामाने शरणागती पत्करली. त्या दिवसांबद्दल विचारलं की दादी दरवेळी एवढंच सांगायची, “शेजारच्या पाटलीणबाईनं गरम भाकर दी थी, ऊपर लोणी. वैसी भाकर फिर नहीं खाई.” आम्ही हसायचो. म्हातारीला भाकरच आठवते!

कॉलेजात असताना सिग्मंड फ्रॉइडचा 1899चा एक लेख हाती आला. त्यात लहानपणीची एक साधी आठवण आहे. हिरवं कुरण, पिवळी फुलं, आणि एका बाईने दिलेली पाव-रोटी. फुलांचा पिवळा रंग जरा जास्तच गडद, रोटीची चव जरा जास्तच गोड. फ्रॉइड म्हणतो, अशी साधी आठवण इतकी ठळक राहते, कारण ती दुसऱ्या कशावर तरी पडदा धरून असते. ही आठवण त्याने एका रुग्णाच्या नावावर सांगितली होती. ती त्याची स्वतःचीच होती, हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं.

मला एकदम दादीची भाकर आठवली. सुट्टीत घरी गेल्यावर मी विचारलं, “दादी, पाटलीणबाईकडे किती दिवस होतीस?”
“तीन.”
“झोपायचीस कुठं?”
“कणगी के पीछे.”
“आणि तुझे अब्बा?”
ती गप्प झाली. त्या रात्री ती झोपली नाही. तिचे अब्बा त्या आठवड्यात घरी परतलेच नव्हते, हे मला नंतर फुफीने सांगितलं.

त्या वेळच्या हिंसेची चौकशी करायला केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. 27 ते 40 हजार माणसं मारली गेली, असा तिचा अंदाज होता. अहवाल कित्येक वर्षं दडपलेला राहिला. म्हणजे घरात पडदा होता, तसा सरकारातही होता.

पण दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. पहिली, प्रत्येक साध्या आठवणीमागे दुःख असतंच असं नाही. फ्रॉइडचं सगळंच म्हणणं आजचे मानसशास्त्रज्ञ मान्य करत नाहीत. खोदून खोदून विचारलं तर न घडलेलंही ‘आठवू’ लागतं, हे प्रयोगांनी दिसलंय. मी दादीला उलटतपासणीसारखं विचारलं, ती माझी चूक. तिच्याजवळ नुसतं बसायला हवं होतं.

दुसरी, भाकर खोटी नव्हती. जीव धोक्यात घालून पाटलीणबाईनं एक मुसलमान पोर तीन दिवस लपवली, हेही तितकंच खरं. रझाकारांनी ज्यांची घरं जाळली, त्यांच्या घरातही अशीच एखादी ‘भाकर’ असेल. तीही ऐकून घ्या.

दादी आता नाही. तुमच्या घरी कुणी असेल, तर आज संध्याकाळी मोबाइल बाजूला ठेवून त्यांच्यापाशी बसा. भाकरीची गोष्ट सांगितली, तर हसू नका.