लाल दिसला की मारला?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावावर मघाशी पुष्कळ बोलणं झालं. मी खर्चावर बोलणार आहे, तेही एका किड्यापुरतं.

तीन वर्षांमागं दिवाळीच्या सुमारास माझ्या पऱ्हाटीत लाल-काळे ढेकूण दिसले. एक मारून दुकानात नेला. दुकानदारानं कागदाची पुडी पुरती उघडलीसुद्धा नाही. म्हणाला, ‘लाल ढेकूण आहे, हे औषध घेऊन जा.’ दोन फवारे मारले. महिन्याभरात मधल्या तुरीच्या ओळींत हिरव्या अळ्यांनी शेंगा पोखरल्या. मग कळलं, मी मारला तो अळ्या खाणारा होता. पदरचे पैसे देऊन राखणदार मारला!

कपाशीचा खरा वैरी लाल ढेकूण ओळखायचा कसा? पाठीवर, दोन पंखांवर एकेक काळा ठिपका. मानेशी पांढरी कड. पण पाठ पाहून थांबू नका, त्याला उलटा करा. लाल पोटावर पांढरे आडवे पट्टे दिसले की तोच. सोंड लांब, सरळ, पोटाखाली दुमडलेली. ही जात झुंडीनं राहते. उमललेल्या बोंडावर लाल पिलांचा घोळका दिसेल, शेपटीला शेपटी लावलेल्या जोड्या दिसतील. सोंड सरकीत खुपसून रस पितात. सरकीचं तेल घटतं, उगवण घटते, रुईवर पिवळे डाग पडतात, बुरशी शिरते. तो कापूस बाजारात कवडीत जातो, आणि तिथं आपलं कोणी ऐकत नाही.

आता राखणदार. डोकं लांबट, चिंचोळं, डोळे बटबटीत, डोक्यामागं मान स्पष्ट. सोंड आखूड, जाड, धनुकलीसारखी वाकडी. ती अळीच्या अंगात खुपसण्यासाठी असते. हा झुंडीत नसतो, पानावर एकटा दबा धरून बसतो. हातात धरू नका, असा डसतो की आई आठवते.

तिसरा फसवा आहे. तो लाल ढेकणाच्याच कुळातला, रंगानं तसाच लालभडक. पण पंखांवर ते दोन ठिपके नाहीत, पोटावर पांढरे पट्टे नाहीत. हा लाल ढेकणालाच पकडून खातो. भाऊबंदकी आपल्यातच आहे असं नाही!

चौथा बांधावरच्या रुईच्या झाडावरचा. पाठीवर लाल-काळी फुलीसारखी नक्षी. तो मुख्यतः रुईचं बी खातो. बांधावर दिसला म्हणून पंप उचलू नका.

कोणी विचारेल, पूर्वी हे ढेकूण एवढे कुठं होते? बीटी कपाशी 2002 साली आली. तिच्यातलं विष अळीसाठी आहे, रस पिणाऱ्याला त्याचं काही नाही. अळीसाठीचे फवारे कमी झाले, त्यांत आपोआप मरणारे ढेकूण वाचले. म्हणून पुन्हा पंप पाठीवर घ्यायचा का? 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ती आपल्यातलीच होती.

पहिली गोष्ट, बोंडं फुटली की वेचणी लांबवू नका. मजूर मिळत नाही हे मला कळतं, पण ढेकूण उघड्या बोंडावरच साचतात. सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात. बादलीत पाणी आणि थोडं रॉकेल घेऊन झाड झटका. अंडी ओल्या मातीत, भेगांत असतात. डवरा फिरला की उघडी पडतात. भेंडी, अंबाडी, काटेसावर यांवरही ही जात वाढते. शेजारी अंबाडी असेल तर तिथं आधी पाहा. फरदड ठेवाल तर ढेकणांना पुढच्या हंगामापर्यंत पोसाल.

मंडपाच्या दाराशी चार काचेच्या बरण्या ठेवल्या आहेत. जाताना पोटाकडून पाहून घ्या. काळा दोरा बांधलेली बरणी मात्र उघडू नका, राखणदार तिच्यात आहे.