रविवारचा खेळ, सगळ्या घराचा

 घरात दादा, काका, बाबाही ऐकत असतील. आजचं बोलणं त्यांच्यासाठी पण आहे, म्हणून आवाज थोडा मोठा करा.

मी बचत गटांची सहयोगिनी आहे. एरवी मी तुमच्याशी बोलते ते हप्ता, पासबुक, मिरचीचा मसाला आणि शेळ्यांबद्दल. आजचा विषय आहे खेळाचा. कोणी विचारेल, बचत गटाचा आणि कबड्डीचा काय संबंध? गटात आपण पैशाचा हिशोब लिहायला शिकलो. तसाच एकदा वेळेचा हिशोब लिहून बघा. रविवार हा सुट्टीचा दिवस म्हणतात. त्या दिवशी घरातल्या कोणाला किती सुट्टी मिळते, ते गावातल्या सामन्यांच्या दिवशी उघड दिसतं.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात खरिपाचं पीक घरात आलं, थंडी पडायला लागली की गावोगावी सामने सुरू होतात. शहादा-तळोद्याच्या सपाटीवर, नवापूरच्या पट्ट्यात, अगदी धडगाव आणि अक्कलकुव्याच्या डोंगरात, जिथे बरी सपाट जागा मिळेल तिथे. कबड्डी असते, व्हॉलीबॉल असतो, टेनिस चेंडूचं क्रिकेट असतं. पोरं दोन दिवस आधीपासून मैदानातले दगड-काटे वेचतात, माती भुसभुशीत करतात, पाणी मारतात, फक्कीने रेघा ओढतात. रविवारी सकाळी भोंगा लागला की आजूबाजूच्या पाड्यांवरून माणसं निघतात. म्हातारे बाबा काठी टेकत येतात, लहान पोरं झाडावर चढून बसतात. वर्षभर वेगवेगळ्या शेतांत राबणारं गाव एका जागी बसलेलं दिसतं. मला हा दिवस फार आवडतो.

आता त्याच दिवशी एका घराचं घड्याळ बघू. मुलगा खेळणारा, तो सहा वाजताच मैदानावर. वडील नऊला जाऊन पुढची जागा धरतात. आई पहाटे उठलेली. पाणी, झाडलोट, गुरांचं शेण, भाकरी. मुलाच्या संघातली चार पोरं जेवायला येणार, म्हणून भाकरी जास्त आणि डाळीचं पातेलं मोठं. मग भांडी. दुपारी एकला ती पदर सावरत मैदानाच्या कडेला येऊन उभी राहते, अर्धा सामना बघते आणि चारला गुरं येतील म्हणून परत निघते. अंतिम सामना असतो सहा वाजता. आणि मुलगी? मुलगी घरी, धाकट्या भावाला सांभाळत.

एका पाड्यावरच्या काकू मला म्हणाल्या, “ताई, पोरगा तीन वर्षं खेळतो. त्याचे मातीने भरलेले कपडे दर सोमवारी मी धुते. पण तो पकड करतो की चढाई करतो, ते मला ढाल घरी आली तेव्हा कळलं.” त्या हसत बोलल्या. तक्रारीचा सूर नव्हता. पण मी घरी जाईपर्यंत तेच डोक्यात होतं.

मुलींचं तर आणखी वेगळं. सहावी-सातवीपर्यंत आपल्या मुली काय धावतात! आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय स्पर्धा ज्यांनी बघितल्या आहेत, त्यांना मी सांगायला नको. खो-खोत खांबाला हात घालून अशा वळतात की मागचा पडतो. नववीत गेल्या की एकेक जण बाजूला होते. विचारलं तर उत्तर ठरलेलं: “आता मोठी झाली.” मुलगा मोठा झाला की त्याला गावच्या संघात घेतात. मुलगी मोठी झाली की तिचा खेळ सुटतो. दोघांचं वय तेच असतं.

कबड्डी हा काही फक्त पोरांचा खेळ नाही. बाईच्या कबड्डीचं मैदान वेगळं आखलेलं असतं, बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव असतात. म्हणजे नियम करणाऱ्यांनी आपली जागा केव्हाच ठेवली आहे. 2010 साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धांत महिलांची कबड्डी पहिल्यांदा आली आणि पहिलं सुवर्णपदक आपल्याच देशाच्या मुलींनी आणलं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं. त्या संघाची कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. आणि कविता राऊत तर आपल्यासारख्याच आदिवासी पाड्यातली, नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची. 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून तिने कांस्यपदक मिळवलं. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. डोंगरात चढ-उतार करणारे पाय आपल्या मुलींनाही आहेत.

सगळ्याच मुली पदक आणणार नाहीत, आणि आणायलाच पाहिजे असंही नाही. रविवारी दोन तास मनासारखं खेळली, मैत्रिणींबरोबर हसली, चारचौघांत तिचं नाव भोंग्यावर पुकारलं गेलं, एवढं तिला मिळालं तरी पुष्कळ आहे.

मागच्या हंगामात आमच्या भागातल्या एका ग्रामसंघाने हा विषय बैठकीत घेतला. तिथे काय झालं ते सांगते, कारण त्यात शिकण्यासारखं आहे.

सामने भरवणारी पोरं ग्रामसंघाकडे वर्गणी मागायला आली होती. बायकांनी वर्गणी द्यायचं कबूल केलं, पण तीन गोष्टी मागितल्या. पहिली, मुलींचा एक कबड्डीचा सामना ठेवायचा, आणि तो अकरा ते एक या वेळात. सकाळी लवकर ठेवला तर मुली घरकामात अडकतात, संध्याकाळी उशीर झाला की घरचे पाठवत नाहीत. दुसरी, शाळेची एक खोली आणि शौचालय दिवसभर उघडं पाहिजे. तिसरी, मैदानावर दारू पिऊन कोणी आला तर त्याला बाहेर काढायची जबाबदारी मंडळाची. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मग त्यांच्यातलाच एक म्हणाला, “माझी बहीण खेळेल.” तिथून काम सोपं झालं.

अवघड होतं ते घरातलं. मुली खेळणार म्हणजे त्यांची कामं कोण करणार? एका आजींनी तोडगा काढला. त्या म्हणाल्या, शनिवारीच चारा कापून ठेवा, पाणी भरून ठेवा, आणि रविवारची सकाळची गुरं घरातल्या पुरुषांनी बघायची. एवढंच. काही घरांत कुरकुर झाली. एका दादांनी ऐकवलं की म्हशीला बाईच्याच हाताची सवय आहे. आजी म्हणाल्या, “म्हशीला सवय लागते. माझ्या नवऱ्यालाही लागली होती.” बैठकीत जो हशा पिकला, त्यात तो प्रश्न मिटला.

त्या रविवारी मुलींचे चार संघ आले. काही ओढणी कमरेला बांधून, काही भावाची ट्रॅक पँट घालून. पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षकांतून थोडी टिंगल झाली. मग एका मुलीने तिघींच्या पकडीतून हात लांब करून मध्यरेषेला बोट लावलं, आणि टिंगल करणारेच शिट्ट्या वाजवायला लागले. तिचे वडील माझ्या शेजारी उभे होते. ते काही बोलले नाहीत. नुसते पुढे सरकत सरकत रेघेपर्यंत गेले.

आता तुमच्या गावात असं करायचं असेल तर काही कामाच्या गोष्टी सांगते.

आधी तब्येत. खेळणाऱ्या मुलीला उपाशी पाठवू नका. दादरची भाकर, डाळ, गूळ-शेंगदाणे, केळी हे आपल्या घरातलंच पुरेसं आहे. पिण्याचं पाणी झाकलेलं आणि भरपूर ठेवा. आपल्या भागात सिकलसेल आहे, हे लपवायची गोष्ट नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते, ती करून घ्या. ज्या मुला-मुलीला हा आजार आहे त्यांनी खेळण्याआधी डॉक्टरांना विचारावं. जे नुसते वाहक आहेत त्यांनीही उन्हात पाणी पीत, मध्ये थांबत खेळावं. खेळताना छातीत, हातापायात दुखायला लागलं, दम लागून घाबरं झालं, तर सामना तिथेच सोडायचा आणि दवाखाना गाठायचा. पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही हे मुलीने ठरवावं. तिला बरं वाटत असेल तर खेळायला काही हरकत नाही.

दुसरं, कागदपत्रं. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुणही मिळतात. पण गावच्या खुल्या सामन्याची ढाल त्यासाठी चालत नाही. शालेय स्पर्धा किंवा मान्यताप्राप्त संघटनेच्या ठरावीक पातळीवरच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याची पडताळणी होते. म्हणून मुलगी चांगली खेळत असेल तर तिच्या शाळेतल्या क्रीडा शिक्षकांना भेटा, शाळेच्या संघात तिचं नाव घालायला सांगा, आणि मिळालेलं प्रत्येक प्रमाणपत्र रेशन कार्डाबरोबर जपून ठेवा.

तिसरं, गटाचा फायदा. सामन्याच्या दिवशी पोहे, भजी, चहा, उकडलेली अंडी, चिक्की यांचा स्टॉल चांगला चालतो. पण एक नियम करा: स्टॉलवर पाळी लावायची. दोन तासांनी माणूस बदलायचा. नाहीतर घरच्या चुलीवरून सुटलेली बाई मैदानावरच्या शेगडीला अडकेल आणि सामना पुन्हा तिच्या पाठीमागेच होईल.

आणि एक गोष्ट विसरू नका. दिवाळीनंतर आपली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्यांची मुलं ऐन सामन्यांच्या दिवसांत गावात नसतात. ती होळीला परत येतात. होळी आपला सगळ्यात मोठा सण, तेव्हा सगळी माणसं गावात असतात. होळीनंतर एखादा रविवार त्या मुलांसाठी धरा. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. संघ मोठे नकोत, बक्षीस नको, फक्कीच्या चार रेघा पुरे. हंगामभर उसाच्या फडात राहिलेल्या मुलीला आपल्याच गावात, आपल्याच मैत्रिणींबरोबर खेळायला मिळू द्या.

माझ्या भगिनींनो, पुढच्या बैठकीत हप्त्याचा विषय झाला की पाच मिनिटं हा विषय घ्या. आपल्या गावातल्या किती मुली नववीनंतर खेळतात, त्यांची नावं वहीत लिहा. यादी रिकामी निघाली तरी ती वही सामने भरवणाऱ्या मंडळाला दाखवा. आणि ज्या काकूंनी आपल्या मुलाचा किंवा मुलीचा सामना सुरुवातीपासून शेवटपर्यंत अजून बघितला नाही, त्यांनी येत्या रविवारी गुरांचा दावा घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्यावा आणि सकाळीच पुढची जागा धरावी.