फटके अधिक, धांवा उण्या



१९३२ सालच्या जुलै महिन्यांतील १० तारखेस अमेरिकेंत क्लीव्हलंड आणि फिलाडेल्फिया या दोन संघांचा बेसबॉलचा सामना झाला. नऊ डावांत निकाल लागला नाहीं, म्हणून तो अठरा डावांपर्यंत लांबला. क्लीव्हलंडच्या गड्यांनीं ३३ यशस्वी फटके मारले, फिलाडेल्फियाच्या गड्यांनीं २५. क्लीव्हलंडच्या जॉनी बर्नेट या एकट्या खेळाडूचे त्यांत ९ फटके होते. तेथील मोठ्या साखळी-सामन्यांत हा उच्चांक आजहि कोणीं मोडलेला नाहीं. एवढें ऐकल्यावर विजय कोणाचा झाला असेल, हें सांगावयास नको असें आपणांस वाटेल. परंतु धांवफलक पाहावा तों फिलाडेल्फिया १८, क्लीव्हलंड १७! आठ फटके अधिक मारणारा संघ एका धांवेनें हरला.

याला दैवाची लहर म्हणून सोडून देतां येईल. पण दैवाचा भाग वगळला तरी या निकालाच्या मुळाशीं एक साधें तत्त्व आहे, आणि तें समजून घेण्यासारखें आहे.

क्रिकेटमध्यें फलंदाजानें चेंडू टोलवला आणि दोघे गडी पलीकडे पोहोंचले, कीं धांव पदरांत पडली. पुढच्याच चेंडूला गडी बाद झाला, तरी ती धांव कोणी परत घेत नाहीं. बेसबॉलची रीत निराळी आहे. तेथें चौकोनाच्या चार कोंपऱ्यांवर चार ठाणीं असतात. त्यांपैकीं तिघांना बेस म्हणतात. चौथें ठाणें म्हणजे घर, आणि फटका मारावयास गडी उभा राहतो तो तेथेंच. तिन्ही बेस ओलांडून तो पुन्हां घरीं आला, तरच एक धांव. साधा फटका त्याला पहिल्या बेसवर नेऊन सोडतो. पुढची वाट बहुधा मागून येणाऱ्या सोबत्यांनीं मोकळी करावयाची असते. तीन गडी बाद झाले कीं डाव आटोपतो, आणि बेसवर ताटकळत उभ्या असलेल्या गड्यांची सारी वाटचाल फुकट जाते. विहिरींतून काठापर्यंत ओढून आणलेली घागर दोर सुटून खालीं गेली, तर ती किती हात वर आली होती याचा तहानलेल्याला काय उपयोग?

आतां एक हिशेब करूं. एका संघानें नऊ डावांत प्रत्येकीं एक, असे नऊ साधे फटके मारले आणि दर फटक्याला सारे गडी एकेकच बेस पुढें सरकले, असें धरा. धांवा शून्य. तेच नऊ फटके दुसऱ्या संघानें एकाच डावांत ओळीनें मारले, तर पहिल्या तिघांनीं बेस भरतात आणि चौथ्यापासून प्रत्येक फटक्याला एक गडी घरीं येतो. धांवा सहा. फटक्यांची संख्या तीच. फरक पडला तो त्यांच्या जागेमुळें.

बेसबॉलच्या जाणत्यांत एक कोडें प्रसिद्ध आहे: एका डावांत सहा फटके बसूनहि एकहि धांव होऊं नये, हें कसें शक्य आहे? उत्तर असें. पहिले दोघे फटका मारून बेसवर पोहोंचतात आणि पुढचा बेस चोरण्याच्या नादांत एकामागून एक बाद होतात. पुढील तिघांच्या फटक्यांनीं तिन्ही बेस भरतात. सहाव्याचा चेंडू धांवणाऱ्या सोबत्यालाच लागतो. नियमाप्रमाणें तो सोबती बाद, डाव समाप्त. परंतु मारणाऱ्याच्या नांवावर फटका मात्र जमा!

याच्या उलट प्रकारहि घडला आहे. १९६४ सालच्या एप्रिलच्या २३ तारखेस ह्यूस्टनच्या केन जॉन्सन या गोलंदाजानें पुरे नऊ डाव सिनसिनाटीच्या संघाला एकहि फटका मिळूं दिला नाहीं, तरी तो सामना हरला. नवव्या डावांत त्याच्या स्वतःच्या चुकीच्या फेंकीमुळें पीट रोझ दुसऱ्या बेसवर पोहोंचला, एक गडी बाद होतांना तिसऱ्यावर सरकला, आणि दुसऱ्या एका क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू निसटतांच घरीं आला. फटके शून्य, धांव एक, आणि तीच विजयाची.

तात्पर्य, धांवेकडे जाण्याच्या वाटा अनेक आहेत आणि फटका ही त्यांपैकीं एक. चार चेंडू भलतीकडे पडले तर गड्याला बॅट न उचलतां पहिला बेस मिळतो. पण फटक्यांच्या सरासरींत या संयमाला जागा नाहीं. १८८७ सालीं एका हंगामापुरते असे बेसहि फटके म्हणून मोजून पाहिले. सरासऱ्या भलत्याच फुगल्या आणि पुढल्या वर्षीं तो नियम मोडीत निघाला. शिवाय या सरासरींत एका बेसचा साधा फटका आणि चारहि ठाणीं एका दमांत पुरीं करणारा ‘होम रन’ यांची किंमत एकच. बेसबॉलच्या नोंदींची पद्धत रुळविणारे हेन्री चॅडविक हे मूळचे इंग्लंडचे आणि प्रथम क्रिकेटचे वार्ताहर होते. एकेका गड्याची कामगिरी निराळी मोजण्याची क्रिकेटची दृष्टि त्यांनीं या खेळांत आणली. पण क्रिकेटमध्यें मोजल्या जात त्या धांवा, आणि येथें मोजले जाऊं लागले ते फटके.

या मोजणीचा फोलपणा १९०६ सालींच दिसून आला होता. शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघाची फटक्यांची सरासरी आपल्या साखळींतील आठ संघांत सर्वांत कमी होती. लोक त्याला थट्टेनें ‘बिनफटक्यांचे बहाद्दर’ म्हणत. तरी धांवांत तो तिसरा आला, साखळी त्यानें जिंकली, आणि त्या वर्षीं ११६ सामने जिंकलेल्या शिकागोच्याच कब्ज संघाला अखेरच्या मालिकेंत त्यानें धूळ चारली. अलीकडे, २००४ सालीं, सिॲटलच्या इचिरो सुझुकी या जपानी खेळाडूनें एका हंगामांत २६२ फटके मारून चौऱ्यायशीं वर्षांचा उच्चांक मोडला. त्यांतील २२५ फटके साधे होते. त्याच्या संघानें ९९ सामने गमावले.

कॅनडाच्या जॉर्ज लिंड्से यांनीं १९६३ सालीं शेंकडों सामन्यांच्या नोंदींवरून यांतील मर्म आंकड्यांत मांडलें. बेस भरण्याचे आठ प्रकार आणि बाद गड्यांच्या तीन अवस्था मिळून डावांत चोवीस परिस्थिति संभवतात. प्रत्येकींत पुढें सरासरीनें किती धांवा होतात, तें त्यांनीं काढलें. डावाच्या आरंभीं मारलेला साधा फटका ही अपेक्षा सुमारें एक तृतीयांश धांवेनें वाढवितो. तोच फटका बेस मोकळे असून दोन गडी बाद झाल्यावर मारला, तर वाढ जेमतेम एक दशांश धांवेच्या आसपास.

याचा अर्थ फटके व्यर्थ असा नव्हे. हंगामभराचा हिशेब पाहिला तर पुष्कळ फटके मारणारा संघ सहसा धांवाहि पुष्कळ करतो. बर्नेटचे नऊ फटके खोटे नव्हते, आणि इचिरोचे कौशल्य तर वादातीत आहे. परंतु फटका एकट्याला मारतां येतो. धांव बहुधा एकट्याला करतां येत नाहीं. ती पुरी व्हावयास कोणी आधीं बेसवर असावा लागतो, कोणी मागून यावा लागतो, आणि कोणी निमूटपणें चार चेंडू सोडून देणाराहि लागतो. त्या शेवटल्या गड्याचें नांव सरासरीच्या कोष्टकांत फार वर दिसत नसे, आणि त्या कोष्टकावरून खेळाडूंची पारख करणाऱ्यांनीं अशा कित्येकांना वर्षानुवर्षें कमी लेखलें. जें मोजावयास सोपें, तेंच मोलाचें मानण्याची ही चूक केवळ खेळाच्या मैदानावरच होते काय, याचा विचार मी आपणांवरच सोंपवितों.