वार्धक्य आणि आपले नगर

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पनवेल येथे दिलेले भाषण)



पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली, आणि हाच दिवस संयुक्त राष्ट्रसंघाने ज्येष्ठांचा दिन म्हणून नेमलेला आहे. हा केवळ योगायोग. परंतु पनवेलकरांनी मनावर घ्यावा असा.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली ३३ नगरांतील वृद्धांना विचारून एक मार्गदर्शिका सिद्ध केली. त्यांत आपल्याकडील दिल्ली व उदयपूर होती. वृद्धांनी मागितले ते काय? टेकावयास बाक, न अडखळविणारी पाऊलवाट, स्वच्छ शौचालय, रस्ता ओलांडण्यास पुरेसा अवधी. यांत महागडे असे फारच थोडे आहे. पूर्वी आपल्या गावात वाड्याचा ओटा ही बाकाची उणीव भरून काढी. वाडे गेले, मजले चढले, आणि ओट्यावरचा म्हातारा तिसऱ्या मजल्यावर कोंडला गेला. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य आहे खरा. पण गुडघे धरलेल्या माणसाने स्थानकापर्यंत पोहोचावे कसे? आपण तरी वृद्धांना शाल-श्रीफळ देतो ते जिना चढावयास लावून!

याहून गंभीर गोष्ट घरातली. या परिसरात जमिनीला सोन्याचे मोल आले, तसे वडिलांचे घर मुलांच्या नावे करून देण्याची घाईही वाढली. २००७ च्या केंद्रीय कायद्याने माता-पित्यांना प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागता येतो. तेथे वकिलाची गरज नाही. त्याच कायद्याच्या २३ व्या कलमानुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, ती अट मोडल्यास, रद्द ठरविता येते. मात्र ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असावी. ‘पोटच्या पोराशी कसली अट?’ असे म्हणून बहुतेक जण येथेच संकोचतात. मला हा संकोच समजतो, परंतु मान्य नाही. सुपुत्राला त्या एका ओळीचा काहीच भार होत नाही.

म्हणून माझी सूचना अशी, की आपल्या ज्ञातीतील वकील मंडळींनी महिन्यातून एक रविवार अशा दस्तऐवजांच्या विनामूल्य सल्ल्यासाठी द्यावा, आणि पुढील संमेलन तळमजल्यावर भरवावे. इच्छुक वकिलांनी आपली नावे आज सभा संपताच कार्यवाहांकडे नोंदवावीत.