दाखल्यावरचा एक रकाना



शिष्यवृत्त्यांवर बोला, असं आयोजकांनी सांगितलं. पण योजनांची यादी वाचली तर तुम्ही मोबाईलमध्ये फोटो काढाल आणि विसराल. मी एका रकान्याबद्दल बोलतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीच्या जागी आपल्याकडे बहुतेकांच्या नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं असतं.

बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, मणियार या बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. छप्परबंद विमुक्त जातींत आहेत. शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या सोबत्यांच्या मुस्लिम ओबीसी चळवळीने हे वर्षानुवर्षं सांगितलं. तरी बारावीचा निकाल लागल्यावर मुलं धावत सेतू केंद्रात जातात, तिथे पुरावा मागतात, आणि घरात कागद नसतो.

ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त जातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा. आजोबा शाळेत गेले नसतील, तर त्यांचे भाऊ गेले असतील. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला कुणाचाही जुना दाखला कामाचा. तोही नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, मागा. जुनी नोंद मोडीत निघाली तर घाबरू नका, वाचणारे मिळतात. हे काम दोन दिवसांचं नाही, दोन-चार महिन्यांचं आहे. म्हणून अकरावीतच सुरू करा. धाकटी भावंडं अजून शाळेत असतील, तर त्यांच्या नोंदीची दुरुस्ती आत्ताच करून घ्या. शाळा सुटल्यावर ते फार अवघड जातं.

काही वडीलधारी म्हणतात, इस्लाममध्ये जात कुठे आहे? बरोबर, नाही. पण हा कागद ईमानबद्दल काही सांगत नाही. पिढ्यान्‌पिढ्या फळं विकणाऱ्या, माग चालवणाऱ्या घराच्या मागासलेपणाची ती सरकारी नोंद आहे. लग्न जमवताना बिरादरी बारकाईने विचारायची आणि फीच्या वेळी मात्र ‘आमच्यात जात नाही’ म्हणायचं, हे मला पटत नाही.

ज्यांची बिरादरी यादीत नाही, त्यांनी रिकामं बसू नये. महाडीबीटीवर राज्याची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती आहे, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे. दोन्हींना उत्पन्नाची मर्यादा 8 लाख. आणि मुलींनो, जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार 8 लाखांच्या आतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट एक, प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही.

नावाचंही बघा. आधारवर ‘मोहम्मद’, मार्कशीटवर ‘मो.’, बँकेत ‘मोहंमद’, एवढ्यावर अर्ज अडकतात. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, तेव्हा खातं जोडलंय का, बँकेत जाऊन विचारा.

केंद्राने मौलाना आझाद फेलोशिप 2022-23 पासून बंद केली. पीएचडी करणाऱ्यांचा आधार गेला. त्यावर आवाज उठवला पाहिजे, आम्ही उठवतोच. पण जे हक्काचं शिल्लक आहे, ते कागदाअभावी सोडू नका.

मी पाचपर्यंत इथेच आहे. दाखल्याची झेरॉक्स आणली असेल, त्यांनी पुढच्या बाकावर या. नसेल, तर घरी फोन करून आजोबांच्या गावाचं आणि तालुक्याचं नाव तेवढं विचारून ठेवा.